गजभारे मॅडमचा घोट

बिअर चाखण्याआधी गजभारे मॅडम स्वतःच्या कोपराच्या खोबणीत नाक खुपसायच्या. डावा हात वाकवायचा, बाही वर सारायची आणि डोळे मिटून सावकाश श्वास घ्यायचा. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंना चक्कर आली. मी घाईनं खुर्ची पुढे सरकवली. त्यांनी डोळे उघडले, खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"अरे, मला काय झालं न्हाई. नाक जाग्यावर आणून राहिलेय. रस्त्यानं आलं की नाकात सगळा बाजार भरतो. आपल्या अंगाचा वास नाकाच्या ओळखीचा असतो, त्याच्यापाशी आलं की ते शांत होतं. तू बी करून बघ."

तो माझ्या नोकरीचा पहिला दिवस होता. मी हिमायतनगरचा, घरी कोरडवाहू शेती. नांदेडला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आणि मग इकडे तिकडे अर्ज करत फिरलो. लातूरच्या बाहेर, नांदेड रस्त्याला, एका बागेच्या हॉटेलात बिअर तयार करायला मदतनीस पाहिजे होता. घरी मी "हॉटेलात केमिस्ट" एवढंच सांगितलं. वडिलांना वाटलं, तिथं जेवणाची तपासणी होत असेल. मीही त्यांचा तो समज राहू दिला.

हॉटेलचे मालक अनिकेत बिरादार. त्यांना सगळे भैया म्हणत. वडिलांची लातुरात डाळ मिल, पण भैयांचं मन डाळीत नव्हतं. पुण्यात शिकले, परदेशात फिरले, तिथं कुठंतरी फिकट सोनेरी रंगाची पिल्सनर बिअर प्याले आणि तीच लातुरात करायची असं डोक्यात घेऊन परत आले. हॉटेलच्या एका टोकाला काचेची भिंत, तिच्यामागे चकचकीत टाक्या. गिऱ्हाइकांनी जेवता जेवता बघावं, आपली बिअर कशी तयार होते ते. "लातूरचं नाव डाळीसाठी घेतात, क्लासेससाठी घेतात," भैया म्हणायचे, "एक दिवस ह्याच्यासाठीही घेतील." त्यांच्या बोलण्यात बढाई नसायची. ते मनापासून बोलत, म्हणून त्यांचं ऐकावंसं वाटायचं.

विशाखा गजभारे त्यांना मिळाल्या हे भैयांचं नशीबच. मॅडम मूळच्या मुदखेडजवळच्या. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून औरंगाबादकडच्या एका मोठ्या बिअर कारखान्यात बरीच वर्षं होत्या. बिअर चाखून तिच्यातला दोष सांगणाऱ्यांच्या टेबलावर त्या पहिल्या बाई. आई वारली, दादा लातुरात एकटे पडले, म्हणून ती मोठी नोकरी सोडून इकडे आल्या. दादा म्हणजे त्यांचे वडील. लातूर नवीन जिल्हा झाला तेव्हा ते नांदेडच्या कचेरीतून बदली होऊन इथं आले होते, कारकून म्हणून. मॅडम तेव्हा लहान होत्या. त्या सांगायच्या, "नव्या कचेरीत खुर्च्या आल्या नव्हत्या. दादा घरनं लोखंडी पेटी घेऊन जायचे, तिच्यावर बसून काम करायचे. त्यांना वाटायचं, नवा जिल्हा हाय, सगळं नव्यानं सुरू होईल. पण खोली बघायला गेलो की घरमालक आडनाव विचारायचा. जिल्हा नवा, विचारायची पद्धत जुनीच."

एवढं सांगून त्या हसायच्या नाहीत आणि चिडायच्याही नाहीत. त्यांच्या आवाजात कायम एक थकवा असायचा. दिवसभर उभं राहून काम केलेल्या माणसाचा असतो तसा. सकाळी आल्या तरी तो असायचाच.

चाखायचं कसं, हे मला त्यांनीच शिकवलं. सकाळचं अकराच्या सुमाराचं पोट बरं, फार भरलेलं नाही आणि फार रिकामंही नाही. त्या दिवशी तिखट नाही, चहा नाही, डोक्याला वासाचं तेल नाही. आधी ग्लास उजेडापुढे धरायचा. मग वास. त्यांच्या तोंडी दोषांची इंग्रजी नावं क्वचितच यायची. यीस्टला काम पुरं करू दिलं नाही की बिअरला लोण्याचा वास येतो. उकळी कमी पडली की उकडलेल्या कणसाचा. हवा लागली की पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा. "आपल्या घरातलेच वास हायत सगळे," त्या म्हणायच्या. "फकस्त चुकीच्या घरात घुसलेत."

मग घोट. वाइन चाखणारे घोट थुंकून टाकतात म्हणे. बिअरला ते चालत नाही. तिचा कडूपणा जिभेच्या पार मागे, घशाशी कळतो, म्हणून गिळावीच लागते. आणि गिळल्यावर मॅडम थांबायच्या. मी उतावळेपणानं काहीतरी बोलायला जायचो आणि त्या हात वर करायच्या.

"थांब. घोट गेल्यावर बिअर बोलायला लागते. आधी बोलतो तो फेस."

पिल्सनरवर त्यांचा जीव होता आणि धाकही तिचाच होता. गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा, लवंगेचा वास असतो, काळ्या बिअरमध्ये भाजल्याचा. त्यात एखादी चूक दडून जाते. "पिल्सनरला लपायला जागा न्हाई," त्या म्हणायच्या. "मोड आणून वाळवलेला सातू म्हंजी माल्ट, कडू फुलं म्हंजी हॉप्स, यीस्ट आन पाणी. त्यातबी नव्वद टक्क्याच्या वर पाणीच. कडू यावं, आन आलं तसं निघून जावं. पाव्हणा बसून राहिला की समजायचं, पाणी वाईट."

आणि आमचं पाणी वाईटच होतं. बोअरचं, क्षारांनी भरलेलं. किटलीत उकळलं की तळाला पांढरा थर धरायचा. म्हणून ते आधी यंत्रातून गाळून मऊ करायचो. ह्या यंत्राची एक गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते. जेवढं चांगलं पाणी आत येतं, जवळपास तेवढंच खारट पाणी दुसऱ्या नळीनं वाया जातं. आमची ती नळी गटारात सोडलेली होती. मॅडमनी आल्या आल्या ती काढून कंपाउंडच्या भिंतीतून बाहेर घेतली आणि खाली एक टाकी ठेवायला लावली. पलीकडे मजुरांची वस्ती होती. तिथल्या बाया त्या पाण्यानं धुणं-भांडी करायला लागल्या.

एकदा माघ पौर्णिमेला मी दादांना विहारात सोडायला मॅडमबरोबर गेलो. दादांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता, दोघांनी धरून पायऱ्या चढवाव्या लागायच्या. अंगात स्वच्छ पांढरा सदरा, खिशाला पेन. ते विहारात मुलांना पंचशील शिकवायचे. सगळ्यांनी हात जोडून म्हणायला सुरुवात केली. मी मागे उभा होतो. हत्या करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही. मॅडमचा आवाज चांगला स्पष्ट येत होता. मग पाचवं आलं, मद्यापासून दूर राहीन, आणि तो आवाज थांबला. हात तसेच जोडलेले, ओठ मिटलेले. दादा पुढे बसले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण त्यांची मान जराशी खाली गेली. तो आवाज कुठं थांबतो हे त्यांना पाठ होतं.

परत येताना मी विचारलं. विचारायला नको होतं बहुधा, पण विचारलं.

"पाचवं कसं म्हणू?" मॅडम म्हणाल्या. "रोज सकाळी घोट गिळते. पाचवं म्हणलं की चौथं मोडतंय. म्हणून चार म्हणते आन गप्प राहते. चार तरी पुरी असू दे."

"दादा काही बोलत नाहीत?"

"ते बोलले असते तर बरं झालं असतं."

त्या उन्हाळ्यात लातुरात पाणी संपलं. तसं ते आधीपासून संपत आलं होतं. पाऊस सलग चुकत गेला होता. पण संपलं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. नळाला महिन्यातून एकदा पाणी, मग तेही नाही. टँकर आला की माणसं भांडी घेऊन धावत सुटायची. क्लासेसची पोरं वसतिगृहं सोडून गावाकडे निघाली. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, ते बघायला लोक स्टेशनवर गेले. माझ्या खोलीवर घरमालकानं दारावर कागद लावला होता: आंघोळ रविवारी. आणि आमच्या हॉटेलच्या बोअरला, कशी कोण जाणे, धार होती. बारीक, पण होती. आजूबाजूचे सगळे बोअर आटले तरी तो चालत होता.

भिंतीबाहेरची टाकी आता पहाटेपासून वेढलेली असायची. एक दिवस मॅडम आणि मी मागच्या दारानं आत जात होतो. एक बाई घागर भरून घेत होती. कडेवर लेकरू. तिनं मॅडमना हाक मारली.

"ओ बाई, तुम्ही इथल्याच ना? हे पाणी प्यालं तर चालतंय का?"

मॅडम थांबल्या. तिच्या घागरीत ओंजळ घातली, पाणी तोंडात घेतलं, नेहमीसारखं घोळवलं, गिळलं आणि थांबल्या. मला त्या थांबण्याचा अर्थ माहीत होता.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "लई खारट हाय. भांड्याला वापरा. लेकराला पाजू नका."

"मग काय पाजू?" बाईनं विचारलं. रागानं नाही. खरंच विचारलं.

मॅडम आत आल्या, टाक्यांच्या खोलीत उभ्या राहिल्या. काचेच्या आत आमचं गाळलेलं, मऊ, गोड पाणी एका मोठ्या टाकीत भरून ठेवलेलं होतं, पुढच्या खेपेसाठी. त्या टाकीवर त्यांनी हात ठेवला. थंड होती.

"माझ्या आजीला गावात वरनं पाणी वाढायचे," त्या म्हणाल्या. "ही ओंजळ करून उभी राहायची. ओतणाऱ्याच्या मनात आलं की धार यायची. मी तेव्हा म्हणायचे, शिकून मोठी झाले की ह्या बाजूला उभी राहणार न्हाई. आता बघ, गणेश. मी त्या बाजूला उभी हाय. ओतणारीच्या."

त्याच दुपारी त्या भैयांकडे गेल्या. मीही होतो. त्यांनी सरळ सांगितलं, पाऊस येईपर्यंत बिअर बंद करू, बोअरचं गाळलेलं पाणी वस्तीला देऊ. भैयांनी डोकं धरलं. ते वाईट माणूस नव्हते. हॉटेलचा स्विमिंग पूल त्यांनी स्वतःहून कोरडा केला होता. पण पुण्यात बिअर करणाऱ्या लहान ब्रुअऱ्यांची स्पर्धा होती आणि आमची पिल्सनर त्यात पाठवायची होती. टाकीत असलेली खेप त्याच्यासाठीच लावलेली होती. तिथं नाव झालं तर हे सगळं उभं राहील, नाही तर वडील म्हणतातच आहेत, कुलूप लाव आणि मिलवर ये.

"मॅडम, असं करू," भैया म्हणाले. "ही खेप तयार झाली की तुम्ही चाखा. ग्लास कुठल्या बिअरचा ते न कळता चाखा. दोष निघाला तर पुण्याला पाठवत नाही, आणि पाऊस पडेपर्यंत एक थेंब लावत नाही. सगळं पाणी वस्तीला. दोष नाही निघाला, तर पुण्याला पाठवायची आणि पुढची खेप लगेच लावायची."

"मीच चाखू? मला बंद करायचंय हे म्हाईत असून?"

"तुम्ही खोटं बोलणार नाही. म्हणून तर तुमच्यावर सोडतोय."

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटतं, भैयांनी त्यांना किती पक्कं अडकवलं हे भैयांना स्वतःलाही कळलं नव्हतं.

चाखायच्या दिवशी सकाळी मी त्यांना जिन्यात गाठलं. आदल्या दिवशी टाकीवर माझीच पाळी होती. बिअर चांगली उतरली आहे एवढं मलाही कळलं होतं.

"मॅडम, लोणी आलंय म्हणा. किंवा कणीस म्हणा. तुमच्यापुढे कोण बोलणार? भैयांना काय कळतंय? दोन शब्दांत काम होतंय, लेकरांना पाणी मिळतंय."

"मलाबी रात्रभर तेच वाटून राहिलंय," त्या म्हणाल्या. एवढंच. आणि वर गेल्या.

मी आतल्या खोलीत तीन ग्लास भरले. एकात आमची नवी खेप, एकात बाजारातली एक नावाजलेली बिअर, एकात आमचीच जुनी, मुद्दाम उघडी ठेवून बिघडवलेली. ग्लास सारखे, खूण फक्त तळाला. बाहेर आणून टेबलावर मांडले. खिडकीतून एप्रिलचं ऊन येत होतं. भिंतीपलीकडून घागरींचा आवाज येत होता; तो रोजच यायचा, त्या दिवशी जास्त ऐकू आला. भैया कोपऱ्यातल्या खुर्चीवर, हात मांड्यांमध्ये धरून.

मॅडमनी बाही वर केली, कोपराशी नाक नेलं. मग पहिला ग्लास. एक वास घेतला आणि बाजूला सारला. "पुठ्ठा." तिसरा घेतला, घोट घेतला, थांबल्या. "ही कारखान्याची. स्वच्छ हाय, पण जीव न्हाई." मग मधला.

उजेडापुढे धरला तेव्हा ग्लासातून पलीकडची खिडकीची जाळी दिसत होती, एकेक चौकट. फेस पांढरा, घट्ट, काचेला धरून राहिलेला. त्यांनी वास घेतला. पुन्हा घेतला. कोपराकडे गेल्या, परत आल्या. घोट घेतला आणि डोळे मिटले. आम्ही थांबलो. त्यांनी दुसरा घोट घेतला. मग त्यांनी दोन्ही तळव्यांत तो ग्लास धरून ठेवला. कशासाठी, ते मला माहीत होतं. थंडपणात दोष झाकला जातो. बिअर कोमट झाली की तो वर येतो. त्या ग्लास गरम करत होत्या. त्या दोष शोधत होत्या. इतक्या वर्षांची सगळी विद्या लावून, ह्या एका ग्लासात काहीतरी चुकलेलं सापडावं म्हणून शोधत होत्या.

कोमट झाल्यावर पुन्हा घोट घेतला. घसा हलला. त्या थांबल्या. किती वेळ, मला सांगता येणार नाही. बाहेर कुणीतरी कुणाला तरी रांगेवरून शिवी दिली.

"भैया," मॅडम म्हणाल्या, "मधल्यात काही न्हाई."

"काही नाही म्हणजे?"

"म्हंजी दोष काही न्हाई. कडू येतंय, आन जातंय. चांगली झालीय. मी आजवर केल्यात त्यातली सगळ्यात चांगली."

भैया उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं आणि मॅडमकडे बघून ते अर्ध्यातच थांबलं. मी मात्र चिडलो होतो. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या खरेपणाचा राग आला. भिंतीपलीकडच्या लेकरांना त्याचा काय उपयोग?

मॅडमनी ग्लास खाली ठेवला. तो पालथा करून तळाची खूणही पाहिली नाही.

"ठरल्याप्रमाणं पुण्याला पाठवा. पुढची खेप मी लावणार न्हाई."

"मॅडम, आपलं ठरलं होतं."

"हाव. बिअर वाईट हाय म्हणून बंद करा, असं मी म्हणू शकत न्हाई. बाहेर बाया उभ्या हायत म्हणून बंद करा, असं म्हणतेय. हे पयल्यापासनं म्हणतेय, भैया. त्याला घोट कशाला लागतो?"

मॅडमनी पर्स उचलली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघाल्या. बाहेर त्यांची स्कूटी सुरू व्हायला वेळ लागला. तो आवाज आम्ही दोघं ऐकत उभे होतो.

पुढची खेप लावायचं माझ्यावर आलं. मी माल्ट भरडून ठेवला, यंत्र सुरू केलं. गाळलेलं पाणी आधी नेहमीसारखं येत होतं, मग तुटक तुटक यायला लागलं, मग नळीतून नुसता फुसफुस आवाज. बोअर हवा ओढत होता. भैया पंपाशी आले, वाकून नळीला कान लावला. मग त्यांनी स्वतः मोठा पाइप ओढून आणला, साठवणीच्या टाकीला जोडला आणि दुसरं टोक भिंतीवरून पलीकडे टाकलं. जेवढं गोड पाणी होतं तेवढं वस्तीत गेलं. एका दुपारचं पाणी. ती बाई त्यात होती का, ते मला दिसलं नाही. एवढी गर्दी होती.

पुण्यात आमच्या पिल्सनरला बक्षीस मिळालं. परीक्षकांनी लिहिलं होतं की पाणी उत्तम आहे. तोवर हॉटेलचा तो भाग बंद झाला होता. पाऊस आला तसे भैया मिलवर जायला लागले.

मॅडमनी नोकरी सोडली त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा दादा पलंगावर बसून होते. मॅडम त्यांच्या पायाला तेल लावत होत्या. हॉटेलातली हकिकत दादांच्या कानावर आली होती; त्यांनी मला बसवलं आणि लेकीलाच विचारलं. मला वाटतं, माझ्यासमोर विचारणं त्यांना सोपं गेलं असावं.

"नोकरी सुटली म्हणे."

"सोडली."

"ती बिअर चांगली हाय म्हणून सांगितलंस?"

"हाव, दादा."

"खरंच होती?"

"हाव."

आयुष्यभर ज्या गोष्टीचं नाव घरात घेतलं नाही तिच्याबद्दल दादा पहिल्यांदा बोलत होते. "मग बरं केलंस," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "खोटं बोलून पाणी आणलं असतंस, तर मी ते प्यालो असतो का काय की. तहान लागली असती तर प्यालोबी असतो. पण बरं केलंस."

मॅडमचा हात पायावर तसाच थांबला होता. मग तो पुन्हा फिरायला लागला.

दादा त्याच वर्षी हिवाळ्यात गेले. मॅडमना बंगळुरूच्या ब्रुअऱ्यांकडून बोलावणी आली होती. त्या गेल्या नाहीत. नांदेडला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागल्या. ज्या बाईनं आयुष्यभर यीस्ट वाढवलं, ती पोरांना यीस्टची आकृती काढून दाखवत होती. मी त्यांना फोनवर म्हणालो, हे काही बरोबर नाही. त्या म्हणाल्या, "बरोबर काय असतं ते मला बी ठाऊक न्हाई. पण सकाळी उठल्यावर जीभ माझी मला राहिलीय."

मी हैदराबादला एका ब्रुअरीत लागलो. मॅडमनी शिकवलेल्याचा उपयोग झाला; हळूहळू माझ्या हातात खेपा आल्या. पहिली पिल्सनर स्वतःच्या नावावर लावली तेव्हा घट्ट झाकणाची बाटली बर्फात ठेवून मी रविवारच्या गाडीनं नांदेडला आलो. मॅडम दोन खोल्यांत राहत होत्या. केस पुष्कळ पांढरे झाले होते. टेबलावर तपासायच्या उत्तरपत्रिकांचा ढीग. मी ग्लास मागितला, बिअर ओतली, त्यांच्या पुढे ठेवली.

त्यांनी ग्लास उजेडापुढे धरला. कोपराशी नाक नेलं, मग ग्लासाशी. चेहरा निवळला. मी वाट बघत होतो. त्यांनी ग्लास माझ्याकडे सरकवला.

"मी आता घेत न्हाई, गणेश. दादा गेल्यापासनं सोडली. वास चांगला हाय, रंग चांगला हाय. बाकीचं घोटात असतंय. तू घे, आन सांग."

"मी केलेली मीच?"

"मग कोण?"

मी घोट घेतला, गिळला आणि थांबलो. तिकडे ब्रुअरीत सगळ्यांना आवडली होती. मालकानं पाठ थोपटली होती. मीही तिथं घोट घेऊन मान हलवली होती. पण तिथं आवाज असतो, माणसं असतात, दुसरा घोट लगेच येतो. इथं समोर मॅडम होत्या आणि पंख्याचा आवाज. कडू आलं. मी वाट पाहिली. ते गेलं नाही. घशाशी, मागे, खरखरीत असं बसून राहिलं.

"जात नाहीये," मी म्हणालो. "मागे राहतंय. पाणी. पाणी गाळायच्या यंत्राचा दाब कमी ठेवलाय ब्रुअरीवाल्यांनी, खर्च वाचवायला; क्षार पुरते निघत नाहीत. मला माहीत होतं ते."

मॅडमनी मान हलवली. "मला हे नाकानं कळलं नसतं." मग उत्तरपत्रिका बाजूला सारत म्हणाल्या, "म्हाईत व्हतं, तर मग एवढं नांदेडपातूर कशाला आणलीस?"

कुणीतरी चांगली म्हणावं म्हणून आणली होती, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. त्या उठून आत गेल्या. स्टोव्हचा आवाज आला, भाकरी थापल्याचा आवाज आला. उरलेली बाटली मी मोरीत ओतली. जेवताना आम्ही त्यांच्या कॉलेजातल्या पोरांविषयी बोललो. जाताना मॅडम रिक्षापर्यंत सोडायला निघाल्या, वाटेतच दमल्या, आणि कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर बसूनच त्यांनी हात हलवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालकाच्या केबिनमध्ये गेलो. म्हणालो, ही खेप विकू नका, पाणी नीट नाही. त्यांनी चष्मा काढला. सगळ्यांनी वाखाणलेल्या बिअरमध्ये दोष आहे हे त्यांना पटेना.

"तुला कुणी सांगितलं?"

"मी चाखलीय," मी म्हणालो.

दुपारी मॅडमना फोन लावला. वाजत राहिला. त्यांचा तास चालू असणार.